पुण्याची तर : पांडवलेण्यांपासून दिवाडीच्या फेरीबोटीपर्यंत

१/ नाशिकच्या दक्षिणेस त्रिरश्मी डोंगरात पांडवलेणी आहेत. तेथील दहाव्या लेण्याच्या भिंतीवर सुमारे १,९०० वर्षांपूर्वीचा एक ब्राह्मी लेख आहे आणि त्यात सहा नद्यांवरील फुकट नावांची नोंद आहे. आज मोटार फेरीबोटीवर चढवून बेट पाहायला जाणारा प्रवासी पहिला प्रश्न विचारतो, ‘भाडे किती?’ या प्रश्नाचा आपल्याकडील इतिहास या भिंतीपासून सांगता येतो. (धागा)

२/ लेख उषवदाताचा, म्हणजेच ऋषभदत्ताचा. दिनीकाचा हा पुत्र क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई होता. आपल्या दानांची तो लांबलचक यादी देतो : तीन लक्ष गाई, सोळा गावे, बागा, तळी, विहिरी. भरुकच्छ (भडोच), दशपूर (मंदसोर), नाशिकजवळचे गोवर्धन आणि शूर्पारक (सोपारा) येथे त्याने धर्मशाळा बांधल्या.

३/ याच यादीत इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर त्याने ‘पुण्यतर’ घातल्याचा उल्लेख येतो. यांतील पार, दमणगंगा, तापी आणि डहाणूची खाडी आज सहज ओळखू येतात. पार आणि दमणगंगा यांचा तर उगमच नाशिक जिल्ह्यातला. या नद्यांच्या दोन्ही तीरांवर त्याने विसाव्यासाठी सभा आणि पाणपोया उभारल्या.

४/ ‘तर’ हा शब्द मराठीला परका नाही. माणसे, जनावरे आणि सामान पैलतीरी नेणाऱ्या नावेला कोकणात ‘तर’च म्हणतात. लेखातील पुण्यतर म्हणजे पुण्यासाठी चालवलेली, उतारूकडून काही न घेणारी तर.

५/ नद्यांची निवड पाहिली की हेतू उलगडतो. भडोचहून सोपाऱ्याकडे किनाऱ्याने येणाऱ्या वाटेला या नद्या आडव्या येतात. समुद्राजवळ त्यांचे पात्र रुंद होते, भरतीचे पाणी आत शिरते. माल मात्र गाड्यांतूनही चालत असे. ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत पैठण आणि तेर येथील माल गाड्यांतून भडोचला येत असल्याची नोंद आहे. पाण्यापाशी थांबलेल्या गाडीला तरीवाचून गत्यंतर नव्हते.

६/ एरवी या उतारासाठी काय मोजावे लागे? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘नावध्यक्ष’ नावाचा अधिकारी आहे आणि त्याचे दरपत्रकही आहे. ओझे घेतलेला माणूस किंवा लहान जनावर १ माषक, गाय किंवा घोडा २, उंट किंवा म्हैस ४, हलके वाहन ५, बैलगाडी ६, मोठा शकट ७. महानद्यांवर दर दुप्पट.

७/ मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातील हिशेब आणखी सुटसुटीत आहे. वाहनाला १ पण, ओझेकऱ्याला अर्धा, जनावराला पाव आणि मोकळ्या हाताने जाणाऱ्या पुरुषाला पावाचा अर्धा. म्हणजे वाहनाचे भाडे मोकळ्या माणसाच्या आठपट. वाहन जितके मोठे तितके भाडे अधिक, हे आजच्या फेरीबोटीचे तत्त्व तेव्हाही रूढ होते.

८/ सवलतीही होत्या. अर्थशास्त्रानुसार ब्राह्मण, संन्यासी, बालक, वृद्ध, आजारी, राजाचा निरोप्या आणि गर्भवती यांनी नावध्यक्षाच्या मुद्रेवर, म्हणजे आजच्या भाषेत मोफत पासावर, पार जावे. जबाबदारीही निश्चित होती. माणसे किंवा साधने अपुरी असल्याने, अथवा दुरुस्ती न केल्याने नाव बुडाली, तर नुकसान नावध्यक्षाने भरून द्यावे.

९/ ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे उषवदाताच्या दानाचे वजन कळते. उतार हे राज्याच्या उत्पन्नाचे साधन होते आणि तेच त्याने सोडून दिले. या औदार्यात राजकारण नव्हते असे नाही. नव्याने जिंकलेल्या प्रदेशात व्यापारी वाट मोकळी ठेवणे हे सत्तेच्याही हिताचे होते.

१०/ मात्र तर ही एकदा बांधून संपणारी वस्तू नव्हे. नावाड्याची मजुरी, लाकूड, डागडुजी हा खर्च रोजचाच. असा नित्याचा खर्च कसा भागवावा हे उषवदाताला ठाऊक होते. याच लेण्यातील त्याच्या दुसऱ्या लेखानुसार त्याने गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे ३,००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले. त्यांतील २,००० वर दरमहा शेकडा १ व्याज, म्हणजे वर्षाला २४०. त्यातून वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रासाठी. तरींसाठी अशी ठेव लेखात दिसत नाही.

११/ पुढे सत्ताच पालटली. गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचा पाडाव केला. नाशिकच्याच लेखात, तोवर ऋषभदत्ताच्या उपभोगात असलेले शेत तो भिक्षूंना देताना दिसतो. दात्याची जमीन दुसऱ्याच्या दानात गेली.

१२/ हाच प्रश्न शतकांनंतर मुंबईपुढे आला. मुंबई तेव्हा बेट होते आणि माहीमहून वांद्र्याला, म्हणजे साष्टी बेटावर, जायला तर लागे. पावसाळ्यात होड्या उलटत, माणसे बुडत. सरकार खर्चाला तयार नव्हते. अखेर सर जमशेटजी जीजीभाईंच्या पत्नी अवाबाई यांनी १,५७,००० रुपये दिले आणि १८४५ मध्ये माहीमचा बांध वाहतुकीस खुला झाला. अट एकच : येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून टोल घेऊ नये. पुण्यतरीची कल्पना येथे दगडी बांधाच्या रूपाने अवतरली.

१३/ जेथे पूल झाला नाही, तेथे प्रश्न आजही पाण्यावर तरंगतो. गोव्यातील दिवाडी बेटावर मोटार न्यायची तर जुने गोवे, रायबंदर किंवा नार्वे येथून फेरीबोट गाठावी लागते. नार्वेचा उतार तर इतिहासाचाच मार्ग आहे. कदंबांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर मुळात दिवाडीवर होते. १५४० मध्ये पोर्तुगीजांनी देऊळ पाडले आणि देव नदीपलीकडे नार्वे येथे गेला. तेथील मंदिराचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करविला.

१४/ या फेरीबोटींवर पायी प्रवासी आणि दुचाकी यांना वर्षानुवर्षे भाडे नव्हते, मोटारींना होते. २०२३ मध्ये दुचाकींनाही भाडे लावण्याचा निर्णय झाला, तेव्हा बेटवासीयांनी विरोध केला आणि तो स्थगित ठेवावा लागला. सहलीला आलेल्यासाठी फेरीबोट ही वर्षातून एकदाची मौज. बेटावर राहणाऱ्यासाठी ती शाळेची, दवाखान्याची, नोकरीची रोजची वाट. एकाच नावेवरचे हे दोन उतारू एका दराने मोजता येत नाहीत.

१५/ कौटिल्याने आजारी आणि गर्भवती यांना वगळले, अवाबाईंनी टोल नाकारला, दिवाडीकरांनी दुचाकीचे भाडे अडवले. काळ निराळे, सत्ता निराळ्या. पण फुकट उताराचे मोल दर वेळी कोणीतरी भरलेच आहे, कधी दात्याने तर कधी सरकारी तिजोरीने. पांडवलेणी पाहायला जाल तेव्हा दहाव्या लेण्यातील त्या ओळींपाशी जरूर थांबा. दमणगंगेवरच्या नावा केव्हाच गेल्या. त्या फुकट होत्या, हे मात्र दगडात राहिले आहे.