भरिताची कृती आणि पावरीचा आवाज

तीन सेकंदांचा आवाज कॉम्प्युटरमधून कीबोर्डात पाठवायला किती वेळ लागावा? आज हा प्रश्नच वेडगळ वाटेल. आपण व्हॉट्सअॅपवर आख्खं लग्न पाठवतो. पण १९८०-९० च्या दशकांतल्या सिंथेसायझरला हाच प्रश्न विचारा, उत्तर येईल: सव्वादोन मिनिटं. तेही सगळं सुरळीत झालं तर. आणि बऱ्याच कीबोर्डांचं उत्तर याहून सोपं आहे: जमणारच नाही!

आमच्या खान्देशातल्या ऑर्केस्ट्रा पार्ट्या आणि लग्नातल्या बँडगाड्या गेली पंचवीसेक वर्षं जशा वाजल्या, त्यात या दोन उत्तरांचा मोठा हात आहे असं माझं मत आहे. ते कशावरून, ते आज सांगतो. मध्ये थोडं गणित येईल, पण आठवीच्या पुढचं नाही.

आधी भरीत.

जळगावच्या बाहेर राहणाऱ्या प्रत्येक जळगावकराने कधी ना कधी आईला फोन करून भरिताची कृती विचारलेली असते. कृती फोनवरून येते. वांगं येत नाही. मग पुण्याच्या मंडईतलं मिळेल ते वांगं आणायचं, गॅसवर भाजायचं (काड्यांच्या जाळावर भाजायची सोय फ्लॅटमध्ये कुठली), कांद्याची पात, हिरव्या मिरचीचा ठेचा, शेंगदाणे घालायचे आणि खाताना एकमेकांकडे न बघता म्हणायचं, "जमलंय की!"

सिंथेसायझरमध्ये नेमके हेच दोन प्रकार असतात. एक म्हणजे कृती. कुठली मूळ लहर घ्यायची, तिला किती फिल्टर लावायचा, आवाज किती वेगात चढवायचा आणि उतरवायचा, असे शे-दोनशे आकडे. याला पॅच म्हणतात. आपल्याकडचे वादक त्याला सरसकट 'टोन' म्हणतात. दुसरा प्रकार म्हणजे खुद्द वांगं, म्हणजे ध्वनिमुद्रित आवाज, सॅम्पल. कृती काहीशे बाइटची असते, सॅम्पल लाखो बाइटचं. दोन्ही पाठवायची वाट मात्र बरीच वर्षं एकच होती, आणि ती पाऊलवाट होती.

सुरुवातीची वाट तर कॅसेटची होती. रोलँड कंपनीच्या ज्युपिटर-८ (१९८१) आणि जुनो-६० (१९८२) या सिंथेसायझरच्या पाठीमागे टेप रेकॉर्डर जोडायची सोय असायची. बटण दाबलं की यंत्र आपले सगळे टोन आवाजाच्या रूपात कॅसेटवर ओकायचं. डायल-अप मोडेमची किंकाळी ज्यांना आठवते त्यांनी तीच डोळ्यांसमोर, नव्हे कानांसमोर आणावी. परत भरायचं तर कॅसेट उलट यंत्राला ऐकवायची. गंमत म्हणजे ही युक्ती आजही चालते. तीच किंकाळी वेव्ह फाइल करून लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून सोडायची. आवाज थोडा कमीजास्त करून बघावा लागतो, पण चाळिशी उलटलेलं यंत्र ती ऐकतं आणि टोन भरून घेतं. माणसाने ऐकायची नसलेली ही ध्वनिफीत!

याच ज्युपिटर-८ वर मुंबईच्या चरणजीत सिंग यांनी १९८२ साली दहा रागांची इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड काढली होती. जोडीला रोलँडचीच टीबी-३०३ आणि टीआर-८०८. तेव्हा तिच्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा प्रकाशित झाली, तेव्हा कुठे जगाने कान टवकारले. पण ही मुंबईच्या स्टुडिओंतली गोष्ट. आमच्याकडे ही यंत्रं यायला अजून बराच अवकाश होता.

मग आलं मिडी. अमेरिकेतले डेव्ह स्मिथ आणि जपानमध्ये रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी बोलू लागली. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या एका व्यापारी प्रदर्शनात स्मिथ यांच्या कंपनीचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ एका केबलने जोडून दाखवले गेले. एकावर बोट ठेवलं की दुसरा वाजायचा. आज कीबोर्डाच्या पाठीमागे जी पाच टाचण्यांची गोल भोकं दिसतात, ती हीच. या कामाबद्दल दोघांना २०१३ साली तांत्रिक ग्रॅमी मिळालं.

आता गणित. मिडीच्या केबलमधून सेकंदाला ३१,२५० बिट जातात. प्रत्येक बाइटला आगेमागे एकेक जादा बिट धरून दहा बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ३,१२५ बाइट. सूर पाठवायला हे भरपूर झालं. एक सूर दाबायला तीनच बाइट पुरतात. कृती पाठवायलाही हरकत नाही. १९८३ च्याच यामाहा डीएक्स७ चे ३२ टोन मिळून ४,०९६ बाइट होतात, म्हणजे सव्वा सेकंदाच्या थोडं वर काम.

पण सॅम्पल? मिडीत बाइटचा सगळ्यात डावीकडचा बिट हुकमासाठी राखलेला असतो. माहितीला उरतात सात. त्यामुळे १६ बिटांचा एक आकडा पाठवायला तीन बाइट खर्ची पडतात. सॅम्पल पाठवायची जी ठरलेली पद्धत आहे, तिच्यात १२७ बाइटच्या एका पाकिटात १२० बाइट माहिती, म्हणजे फक्त ४० आकडे मावतात. सीडीच्या दर्जाच्या एका सेकंदाला ४४,१०० आकडे लागतात. करा भागाकार: अकराशेच्या वर पाकिटं, सुमारे १,४०,००० बाइट, ४५ सेकंद. तीन सेकंदांना सव्वादोन मिनिटं. सुरुवातीचं उत्तर इथून आलं.

हे सगळं खान्देशात पोचलं ते रोलँडच्या एक्सपी मालिकेच्या रूपात. एक्सपी-८० आला १९९६ मध्ये, एक्सपी-६० आला १९९८ मध्ये, एक्सपी-३० त्याच्या पुढच्या वर्षी. १९९८ मध्येच एसपीडी-२० हा आठ पॅडचा तालयंत्राचा खोकाही आला, ज्याला आपल्याकडे सगळे ऑक्टापॅड म्हणतात. (त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा झाला. दोन्हींचा काही संबंध नाही, पण लक्षात ठेवायला बरं.) भारतभरच्या ऑर्केस्ट्रांत ही जोडी अशी काही बसली की कंपनीने नवी मॉडेल्स काढली तरी जुन्यांचा भाव टिकून राहिला.

आता यातली मेख बघा. एक्सपी असो की एसपीडी-२०, त्यात बाहेरचं सॅम्पल भरता येत नाही. अजिबात नाही. मूळ आवाज कारखान्यातच चिपमध्ये कोरलेले. फार तर कंपनीची आठ मेगाबाइटची जादा पाटी विकत घेऊन आत बसवायची. त्यात आशियाई वाद्यांची एक खास पाटी होती, सतार-तबला वगैरे असलेली. पण साक्री-नवापूरच्या डोंगरात डोंगऱ्या देवाच्या उत्सवाला वाजते ती पावरी? ते भोपळा आणि बांबूचं वाद्य जपानच्या चिपमध्ये कुठून येणार? गोंधळातलं संबळ कुठून येणार?

आणि लग्नात तर लोकांना तेच हवं होतं! हिंदी गाणी झाली, की वऱ्हाडातून फर्माईश ठरलेली: पावरी लावा.

मग वादकांनी कृती बनवल्या. एक्सपीच्या एका टोनमध्ये चार थर बसतात. एका थरात शहनाई, दुसऱ्यात ओबो, तिसऱ्यात बॅगपाइपच्या जातीचं काहीतरी, किंचित बेसूर करून. फिल्टर असा लावायचा की आवाज नाकातून आल्यासारखा वाटावा. शिवाय डाव्या हाताच्या दांड्याने सूर वाकवायचा. एसपीडी-२० वर डग्ग्याचा आवाज खाली ओढून, टिंबालेचा वर चढवून संबळाची जोडी. धुळ्यातले एक कीबोर्डवाले काका (नाव लिहू नको म्हणाले) मला हे थर एकेक करून बंद-चालू करून दाखवत होते. मी विचारलं, खऱ्या पावरीशी ताडून पाहिलं का कधी? ते म्हणाले, "आयकनाराले पावरी वाटस ना, मंग झाय!"

यापेक्षा चांगली चाचणीची पद्धत माझ्या ऑफिसातही नाही.

या कृती मग फिरू लागल्या. एक्सपी-६० आणि ८० ला फ्लॉपी ड्राइव्ह होती. १.४४ एमबीच्या फ्लॉपीत सीडीच्या दर्जाचा एकेरी आवाज भरायचा म्हटलं तर सोळा-सतरा सेकंदांत ती भरते. पण टोन? एक टोन एक किलोबाइटचाही नसतो. कीबोर्डातले सगळे टोन मावून जागा उरते. म्हणून 'टोन भरून देणे' हा जोडधंदा झाला. जळगाव-धुळे एसटीने नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर, शर्टाच्या खिशात फ्लॉपी. ज्यांच्याकडे ऑक्टापॅड होता त्यांच्यासाठी मिडी केबल आणि कॉम्प्युटर. त्यात एफ०ने सुरू होणारा आणि एफ७ने संपणारा संदेश जातो, सिसेक्स नावाचा. दुसरा बाइट कंपनीचा: ४१ असेल तर रोलँड, ४३ असेल तर यामाहा. दुसऱ्या कंपनीचं यंत्र तो संदेश कानाआड करतं. रोलँडच्या संदेशाच्या शेवटी बेरजेचा ताळाही असतो. एक आकडा चुकला तरी यंत्र तो संदेश नाकारतं.

तुम्ही म्हणाल, ही तर नक्कल झाली. मला तसं वाटत नाही. चार परक्या आवाजांतून आपला आवाज ओळखीचा होईपर्यंत घडवायचा, यात कान लागतो. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत सिग्नल प्रोसेसिंगचा पेपर मी पास झालो, पण तो कान मला आला नाही.

आता या कृती आहेत कुठे? बऱ्याचशा अजून त्या जुन्या कीबोर्डांतच आहेत, आणि काळजी इथेच आहे. एक्सपीची स्वतः बनवलेल्या टोनची स्मृती नाण्याएवढ्या एका लिथियम बॅटरीवर जिवंत राहते. बॅटरी मेली की टोन गेले, कारखान्यातले तेवढे उरले. फ्लॉप्यांची गत त्याहून वाईट. आमच्याकडचा मे महिना, धूळ आणि बँडगाडीचे हादरे यांच्यासाठी त्या बनवलेल्याच नव्हत्या. सोनीने २०११ मध्ये जपानात फ्लॉपी विकणं थांबवलं.

जळगावकराला इथे बहिणाबाई आठवणारच. असोद्याच्या या बाईला लिहिता येत नव्हतं. ओव्या जात्यावर, शेतात, तोंडात. मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी जमतील तशा उतरवून घेतल्या. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या, आणि आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये पुस्तक आलं. वहीत उतरलं ते उरलं. जे उतरलं नाही ते किती होतं, हे कोणी सांगू शकणार नाही. कीबोर्डवाल्या काकांचे टोन आणि बहिणाबाईंची कविता यांची तुलना करत नाहीये, पण उतरवून घेणारं कुणीतरी लागतं ही गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे.

आज वाट रुंद झाली आहे. नव्या सॅम्पलिंग पॅडात यूएसबीने वेव्ह फाइल भरता येते, लॅपटॉपवर तर काहीही. आता खरीखुरी पावरी मुद्रित करून कळीवर बसवतात. वांगंच घरी आलं! पण दोन गोष्टी मला खटकतात. एक, एकच सूर मुद्रित करून तो सगळ्या कळ्यांवर ताणला, की वरच्या सुरांत पावरी पिपाणी होते आणि खालच्यात म्हैस. त्यापेक्षा काकांचे चार थर बरे. दुसरी जास्त महत्त्वाची. एक्सपीत टोनच्या नावाला बारा अक्षरांची जागा असते. मी पाहिलेल्या एका कीबोर्डात अनेक टोनच्या नावात बनवणाऱ्याचं नाव होतं. पावरीच्या ज्या वेव्ह फायली माझ्याकडे फिरत फिरत आल्या, त्यांत 'पावरी फायनल २' असं लिहिलेलं होतं. वाजवणारा कोण, कुठल्या पाड्यावरचा, काही नाही. सॅम्पल म्हणजे कुणीतरी माणूस श्वास भरून वाजवत होता. त्याचं नाव लिहायला किती बाइट लागतात?

असो. उपयोगाचं सांगून थांबतो. घरात, गल्लीत, मामाकडे असा जुना कीबोर्ड असेल तर बॅटरीला हात लावण्याआधी डंप घ्या. मिडी-यूएसबी केबल लागेल. अगदी स्वस्तातली नको, ती लांब सिसेक्स संदेशात मधलेच बाइट गिळते. विंडोजवर मिडी-ऑक्स आहे. परत पाठवताना दोन संदेशांमध्ये थोडा विराम ठेवा, जुन्या यंत्राला गिळायला वेळ लागतो. कीबोर्डाच्या मेनूत डेटा ट्रान्सफर शोधा, दिशा 'मिडीकडे' ठेवा. फ्लॉपी ड्राइव्ह बिघडली असेल तर तिच्या जागी गोटेक नावाचा पेनड्राइव्हवर चालणारा खोका बसवता येतो. आधी केबलच्या टाचण्या जुळतात का ते बघा. सगळं मिळून लहानशीच फाइल होईल.

आणि ती साठवताना फाइलच्या नावात तीन गोष्टी घाला: टोन कुणी बनवला, कुठल्या गावी, कुठल्या साली. काकांची मी घेतली आहे. साल त्यांना आठवेना, पण ज्या लग्नात पहिल्यांदा वाजवला ते लग्न आठवतं. तेच लिहून ठेवलंय.