डॉ. मायकेल डीबेकी: रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेतील अग्रणी

हृदयातून निघणारी महाधमनी, मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या धमन्या आणि हातापायांच्या रक्तवाहिन्या यांच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञाला व्हॅस्क्युलर सर्जन म्हणतात. ही शाखा घडवणाऱ्यांत डॉ. मायकेल डीबेकी (१९०८–२००८) यांचे नाव अग्रस्थानी येते.

सुरुवात
अमेरिकेतील लुइझियाना राज्यात लेबनीज कुटुंबात त्यांचा जन्म झाला. लहानपणी ते आईकडून शिवणकाम शिकले. १९४८ पासून त्यांनी ह्यूस्टनच्या बेलर वैद्यकीय महाविद्यालयात काम केले.

महत्त्वाचे योगदान
• मानेतील धमनी: १९५३ मध्ये त्यांनी मानेतील धमनीत साठलेला चरबीचा थर काढला. पक्षाघात टाळण्यासाठी केलेल्या अशा अगदी सुरुवातीच्या यशस्वी शस्त्रक्रियांपैकी ही एक होती.
• कृत्रिम रक्तवाहिनी: ते दुकानात नायलॉनचे कापड आणायला गेले, पण ते संपले होते. म्हणून त्यांनी डेक्रॉन आणले आणि पत्नीच्या शिलाई मशीनवर त्याची नळी शिवली. डेक्रॉन शरीरात टिकते, हे पुढे सिद्ध झाले. आजही ते वापरले जाते.
• महाधमनी चिरणे: या आजारात महाधमनीचा आतला थर फाटतो आणि रक्त भिंतीच्या थरांमध्ये शिरते. त्याचे डीबेकींनी केलेले तीन प्रकार डॉक्टर आजही वापरतात.

स्वतःच रुग्ण
३१ डिसेंबर २००५ रोजी, वयाच्या ९७ व्या वर्षी, त्यांच्या छातीत आणि दोन्ही खांद्यांच्या मध्ये अचानक तीव्र वेदना झाली. त्यांची स्वतःचीच महाधमनी चिरली होती. सुरुवातीला ते रुग्णालयात दाखल व्हायला तयार नव्हते. प्रकृती खालावल्यावर फेब्रुवारी २००६ मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि डेक्रॉनची नळी बसवली गेली. ते बरे होऊन घरी परतले आणि पुढे दोन वर्षांहून अधिक जगले.

तुम्ही काय लक्षात ठेवावे?
ज्यांनी हा आजार जगाला समजावून सांगितला, त्यांनीही उपचार लांबवले. तुम्ही तसे करू नका. छातीत किंवा पाठीत अचानक फाडल्यासारखी कळ आली, तर ती गॅसची समजून घरी थांबू नका. लगेच १०८ वर फोन करा. एक हात लुळा पडणे, बोबडी वळणे किंवा एका डोळ्याने दिसेनासे होणे, ही लक्षणे काही मिनिटांत ओसरली तरी त्याच दिवशी रुग्णालयात जा. रक्तदाब नियंत्रणात ठेवा आणि तंबाखू, विडी, सिगारेट सोडा.