हैदराबाद–भारत आर्थिक कोंडी (१९४७–४८) आणि बीड जिल्हा

हैदराबाद संस्थान आणि भारत यांच्यात जैसे थे करारानंतर व्यापार, चलन, जकात आणि मालवाहतूक यांवरून झालेला संघर्ष. काळ : २९ नोव्हेंबर १९४७ ते १७ सप्टेंबर १९४८. त्या वेळी बीड हा संस्थानाच्या पश्चिम सरहद्दीवरचा जिल्हा होता. त्याला लागून मुंबई प्रांताचा अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्हा होता. हैदराबादच्या विलीनीकरणाचा इतिहास बहुधा पाच दिवसांच्या पोलीस कारवाईपासून सांगितला जातो. सरहद्दीवरच्या गावांचा विचार केला तर तो त्याच्या कितीतरी आधी, जकातीच्या नाक्यावर सुरू होतो.

हैदराबाद हे स्वतंत्र राष्ट्र असल्याचे भारताने कधीच मान्य केले नाही. इंग्रज गेल्यावर आपण सार्वभौम होऊ, असे निजाम मीर उस्मान अली खान यांनी जून १९४७ च्या फर्मानात जाहीर केले होते. कायद्याचा वाद काहीही असो, संस्थानाला स्वतःचे नाणे, टपाल, रेल्वे, फौज आणि जकात होती. त्यामुळे व्यापाऱ्याच्या दृष्टीने सरहद्द ओलांडणे म्हणजे परमुलखात जाणेच होते. सुमारे ८२,००० चौरस मैलांचा मुलूख, १९४१ च्या शिरगणतीप्रमाणे एक कोटी साठ लाखांवर लोकसंख्या, आणि समुद्रकिनारा एक हातही नाही. १८०२ च्या व्यापारी तहाने निजामाला मच्छलीपट्टण बंदर वापरण्याची सवलत मिळाली होती आणि जकातीचा दर शेकडा पाच ठरला होता. पण बंदरापर्यंतची वाट परक्याच्या ताब्यात होती. मुरगाव बंदरासाठी पोर्तुगिजांशी बोलणी करण्याचा प्रयत्न झाला. त्यातूनही काही निघाले नाही.

बीड जिल्ह्यात ही परावलंबनाची गोष्ट अगदी उघडी दिसे. निजामाची रेल्वे जिल्ह्याच्या पूर्व टोकाला परळीपर्यंतच आली होती. आष्टी, पाटोदा, गेवराई या पश्चिमेकडच्या भागाला तिचा उपयोग फारसा नव्हता. त्यांची जवळची मोठी पेठ नगरची. सरहद्दही सरळ नव्हती. जामखेड तालुक्यातील इंग्रजी अमलाची काही गावे चारी बाजूंनी मोगलाईने, म्हणजे निजामाच्या मुलखाने, वेढलेली होती. तिथे सोयऱ्याच्या गावी जातानाही हद्द ओलांडावी लागे. हद्दीवर करोडगिरीचे (जकातीचे) नाके, आणि नाक्याच्या अलीकडे एक नाणे, पलीकडे दुसरे. निजामाचा रुपया ‘हाली’, तर इंग्रजी रुपया ‘कलदार’. सात हालीला सहा कलदार हा रूढ भाव. शंभर कलदारांचे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली होत. हे गणित सरहद्दीवरच्या दुकानदाराला तोंडपाठ असावेच लागे, कारण सौदा एका नाण्यात ठरून उधारी दुसऱ्या नाण्यात फेडली जाई.

जैसे थे करारान्वये संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण यांची आधीची व्यवस्था एक वर्ष चालू राहायची होती. काही आठवड्यांतच हैदराबाद सरकारने दोन वटहुकूम काढले. एकाने मौल्यवान धातू संस्थानाबाहेर भारतात नेण्यावर निर्बंध आले. दुसऱ्याने भारतीय चलन संस्थानात कायदेशीर राहिले नाही. पाठोपाठ पाकिस्तानला भारत सरकारच्या रोख्यांच्या रूपाने वीस कोटी रुपयांचे कर्ज दिल्याचे उघड झाले. पंतप्रधान मीर लायक अली यांचे सरकार यास आपला अधिकार मानत होते. भारताने तो कराराचा भंग ठरवला. यांपैकी चलनाचा वटहुकूम सरहद्दीवरच्या माणसाला सर्वांत जवळून लागणारा होता. कर्ज आणि सोने हे राजधानीतले विषय, पण काल चालणारा कलदार आज बेकायदा म्हणजे आठवडी बाजाराचाच प्रश्न.

भारताचे उत्तर मालाच्या वाहतुकीतून आले. ‘नाकेबंदी’ हा शब्द दिल्लीने अधिकृतपणे कधी स्वीकारला नाही. तरी १९४८ च्या उन्हाळ्यापर्यंत शेजारच्या प्रांतांतून हैदराबादकडे जाणारा माल अडू लागला होता, आणि जूनमध्ये वाटाघाटी फिसकटल्यावर फास आवळला गेला. संस्थानाच्या मालकीच्या भारतीय रोख्यांचे व्यवहारही थांबवण्यात आले. औषधे, मीठ, पेट्रोल, यंत्रांचे सुटे भाग, एवढेच काय पाणी शुद्ध करण्याचे क्लोरीनसुद्धा अडवले जाते, अशी हैदराबाद सरकारची तक्रार होती. या यादीत मिठाकडे लक्ष द्यायला हवे. बीडच्या काळ्या रानात ज्वारी, बाजरी, करडई, कापूस पिकतो; मीठ पिकत नाही. ते समुद्रावरूनच यायचे. पेट्रोल संपल्याचे दुःख मोटारवाल्याला. मिठाची टंचाई मात्र गरिबातल्या गरिबाच्या भाकरीपर्यंत पोचते. कोंडीचा हिशोब मांडताना तिचा भार कोणावर पडतो हे आधी पाहावे लागते. तो निजामावर सर्वांत कमी पडला.

दुसऱ्या बाजूने, संस्थान भारतात यावे म्हणून लढणाऱ्या हैदराबाद स्टेट काँग्रेसचा लढा याच नाक्यांवर येऊन पोचला होता. तिचे अध्यक्ष स्वामी रामानंद तीर्थ हे एकेकाळी अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयाचे मुख्याध्यापक होते. ७ ऑगस्ट १९४७ पासून सुरू झालेल्या ‘भारतात सामील व्हा’ आंदोलनात करोडगिरीची नाकी उठवणे, लेव्हीचे धान्य न देणे, शिंदीची झाडे तोडणे हे कार्यक्रम होते. त्या तिन्हींचा रोख सरकारी उत्पन्नावर होता. जकात, सक्तीची धान्यवसुली आणि अबकारी यांवर संस्थानाचा गाडा चाले, आणि खेड्यातल्या माणसाला राज्य भेटायचे ते याच तीन रूपांत. म्हणून सरहद्दीवर आर्थिक लढा आणि राजकीय लढा वेगळे काढता येत नाहीत. हद्दीपलीकडे कार्यकर्त्यांचे कॅम्प उभे राहिले, हद्दीच्या आत रझाकारांचा, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांचा, जाच वाढला, आणि गावे सोडून लोक भारतीय हद्दीत येऊ लागले.

कोंडीमुळे निजाम वाटाघाटीला तयार झाला, असे म्हणता येत नाही. उलट दिसते ते असे की टंचाईने रझाकारांचे नेते कासिम रझवी यांच्यासारख्यांच्या भाषणांना धार आली आणि मवाळांचे बळ गेले. छतारीच्या नवाबांनी १९४७ च्या अखेरीसच पंतप्रधानपद सोडले होते. लायक अली सरकारने सिडनी कॉटन या वैमानिकाकरवी कराचीहून रात्रीच्या विमानांनी शस्त्रे आणली. २१ ऑगस्ट १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे दाद मागितली. प्रश्न सुटला तो १३ सप्टेंबरला भारतीय फौजा आत शिरल्यावर. मोमिनाबाद, म्हणजे अंबाजोगाई, हे निजामाच्या घोडदळाचे जुने ठाणे. तिथे गोवळकोंडा लान्सर्सच्या तिसऱ्या पथकाने नाममात्र प्रतिकार करून शस्त्रे खाली ठेवली. १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली.

त्यानंतरचे आठवडे या नोंदीतून वगळता येणार नाहीत. कारवाईनंतर मुसलमान वस्त्यांवर झालेल्या हल्ल्यांची पाहणी पंडित सुंदरलाल समितीने १९४८ च्या अखेरीस केली. संस्थानभर २७,००० ते ४०,००० माणसे मारली गेली असावीत, असा तिचा अंदाज होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे चार जिल्हे तिने सर्वाधिक होरपळलेले म्हणून नोंदवले. औरंगाबाद, बीड, नलगोंडा व मेदक या चारांत मिळून किमान ५,००० बळी गेले असे तिने म्हटले. हा अहवाल अनेक दशके लोकांसमोर आला नव्हता. मुक्तिसंग्रामातील हुतात्म्यांइतकीच या माणसांचीही नोंद जिल्ह्याच्या इतिहासात व्हायला हवी. ती अजून पुरेशी झालेली नाही.

समुद्र नसलेल्या शेजाऱ्याची वाट अडवण्याचे प्रकार पुढेही झाले. १९८९ मध्ये व्यापार व मार्गस्थ वाहतुकीचे करार संपल्यावर भारत–नेपाळ सरहद्दीवरचे बहुतेक नाके बंद झाले, आणि पुढच्याच वर्षी नेपाळमधील पंचायत राजवट कोसळली. २०१५ च्या कोंडीने मात्र नेपाळ चीनकडे सरकला आणि २०१६ मध्ये त्याने चीनशी वाहतुकीचा करार केला. हैदराबादला असा दुसरा शेजारी नव्हता. चारी बाजूंना भारतच होता. परिणाम वेगळा झाला तो मुख्यतः या भूगोलामुळे.

विलीनीकरण झाले तरी आर्थिक सरहद्द एका दिवसात पुसली नाही. राज्यघटनेच्या कलम ३०६ ने ‘ब’ वर्गातील राज्यांना (हैदराबादसारख्या पूर्वीच्या संस्थानांना) केंद्राशी करार करून आंतरराज्य जकात दहा वर्षांपर्यंत चालू ठेवण्याची मुभा दिली होती. ते कलम १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने गेले. हद्दींत अडकलेल्या गावांची अदलाबदल १९५० च्या आदेशाने झाली. हाली रुपया भारतीय रुपयाबरोबर चालत राहिला आणि १९५९ मध्ये रद्द झाला. बीड जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. नगरच्या पेठेशी बीड शहर रेल्वेने जोडले जायला मात्र पुष्कळ काळ लागला. अहमदनगर–बीड–परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाला १९९५ मध्ये मंजुरी मिळाली, नगर ते आष्टी गाडी २०२२ मध्ये सुरू झाली, आणि बीडहून अहिल्यानगरला पहिली प्रवासी गाडी १७ सप्टेंबर २०२५ रोजी निघाली.