वीस इंचांची नळी

डिसेंबर २०२४मध्ये आपल्याच केज तालुक्यात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली आणि त्यानंतर बीड जिल्ह्यातले शस्त्रपरवाने राज्यभर गाजले. एका जिल्ह्यात हजारावर परवाने कसे, असं सगळे विचारू लागले. फेरतपासणी झाली, अनेक परवाने रद्दही झाले. आकड्यावर भरपूर बोलून झालंय. आज युसूफ वडगावात मी दुसरं विचारतो : परवाना कोणत्या हत्याराचा? खांद्याला लावायच्या लांब बंदुकीचा, की कमरेला खोचायच्या पिस्तुलाचा? कायद्याने हा फरक चक्क इंचांत मोजून ठेवलाय, आणि त्या इंचांना इतिहास आहे.

सुरुवात १८७८पासून करू. १८५७चा धसका घेतलेल्या इंग्रज सरकारने लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्र कायदा केला. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा, युरोपियनांना सूट. आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता, पण ब्रिटिश हिंदुस्थानात या कायद्याचा संताप खोलवर रुजला. इतका, की १९३१च्या कराची काँग्रेसच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत धरला होता. १९४८मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी तो मागितला, डॉ. आंबेडकरांनी विरोध केला आणि तो वगळला गेला. घटनेत आपल्याला सभा भरवायचा हक्क मिळाला, तो शांततेने आणि विनाशस्त्र.

मग आला १९५९चा शस्त्र कायदा. त्याचं तेरावं कलम आपल्या शेतकऱ्याने जरूर ऐकावं. आतून गुळगुळीत, म्हणजे आटे नसलेली, आणि किमान वीस इंच लांबीची नळी असलेली बंदूक नागरिकाने संरक्षणासाठी किंवा शिकारीसाठी मागितली, तर अधिकाऱ्याने परवाना द्यावा. पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागितली, तरी द्यावा. नाकारायचं तर कायद्यातलंच कारण दाखवावं लागतं. बाकी बहुतेक हत्यारांसाठी, पिस्तूल-रिव्हॉल्वर त्यातच आले, भाषा बदलते : अर्जदाराकडे ‘सबळ कारण’ आहे अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर द्यावा.

वीस इंच म्हणजे किती? कोपरापासून बोटांपर्यंतचा एक हात, आणि वर दोन-तीन बोटं. एवढी नळी आणि मागे लाकडी दस्ता असला की ती बंदूक सदऱ्याखाली लपत नाही. रानडुकरांसाठी माळ्यावर बसलेल्या माणसाला ती लपवायचीही नसते. पण तीच नळी कापून आखूड केली, की राखणीचं हत्यार दबा धरायचं हत्यार होतं. म्हणून गुळगुळीत नळी वीस इंचांहून आखूड असेल, तर नियमांच्या तक्त्यात ती बंदूक अधिक कडक गटात पडते. आणि सहावं कलम सांगतं, परवान्याशिवाय नळी कापणं हाच गुन्हा. २०१९च्या दुरुस्तीपासून त्याला किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. बंदूक तुमची, परवाना तुमचा, तरी करवत लावायची सोय नाही.

आता कुणी म्हणेल, नुसते इंच मोजून भागतं का? नाही भागत. अमेरिकेचा अनुभव बघा. तिथे टोळीयुद्धांच्या काळात, १९३४मध्ये, राष्ट्रीय अग्निशस्त्र कायदा आला. मूळ मसुद्यात पिस्तुलंही होती. पिस्तुलावर बंधन आलं तर लोक रायफल कापून तेच काम करतील, म्हणून आखूड रायफलही त्यात घातली. पुढे पिस्तूल वगळलं, आखूड रायफल मात्र राहिली! आज तिथे सोळा इंचांहून आखूड नळीची रायफल ठेवायची तर सरकारदरबारी नोंद लागते. पण तेवढ्याच नळीला खांद्याचा दस्ता नसेल, तर ते पिस्तूल. मग बाजाराने रायफलीसारखी पिस्तुलं काढली. मागे हाताला बांधायचा पट्टा, लोक तोच खांद्याला टेकवू लागले. २०२३मध्ये सरकारने नियम केला, की अशी बरीच पिस्तुलं म्हणजे आखूड रायफलीच. २०२४मध्ये न्यायालयाने तो नियम रद्द केला. हेतू बाजूला पडला आणि वाद उरला पट्ट्याचा.

आपल्याकडे नळीइतकंच काडतूस महत्त्वाचं. लष्कराचं .३०३ किंवा ९ मिलिमीटरचं काडतूस ज्यात बसतं, ते हत्यार सामान्य माणसाला सहसा मिळत नाही. म्हणून तर सरकारी कारखान्यांनी नागरिकांसाठी .३१५ची रायफल काढली. पण पळवाट इथेही आहे. आपोआप पुढचं काडतूस भरणारी रायफल कडक गटात, तशाच रीतीने चालणारं .३२चं पिस्तूल मात्र साध्या गटात. मोठं हत्यार अडतं, खिशातलं सुटतं.

सुटतं म्हणजे, एकाच चाळणीवर येऊन थांबतं : ‘सबळ कारण’. १९५९च्या कायद्याने नागरिकावर विश्वास टाकला, तो आधी दिसणाऱ्या, लांब बंदुकीवर. लपणाऱ्या हत्याराबाबत त्याने अधिकाऱ्याला विचार करायला सांगितलं. म्हणून परवाने किती, एवढंच विचारून थांबू नका. पिस्तुलाच्या प्रत्येक फाइलवर सबळ कारण म्हणून काय लिहिलं होतं, आणि ते कुणाला पटलं होतं, हेही विचारा. तो प्रश्न विचारण्याचा आधार कायद्यातच आहे.