मोगलीनंतरचे हंगाम

मंडळी, जपानमध्ये अॅनिमेचे हंगाम वर्षातून चार: जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. हंगाम लागला की नातू मला नव्या मालिकांचे पहिले भाग दाखवतो आणि "आजोबा, कशी वाटली?" म्हणून विचारतो. चित्रं सुरेख असतात, पण ऐकायचं जपानी आणि वाचायचं इंग्रजी!

१९९३ साली दूरदर्शनवर दर रविवारी मोगली लागायचा. तीही जपानचीच मालिका, निप्पॉन अॅनिमेशनची, १९८९ची. गाणं गुलजारांचं, चाल विशाल भारद्वाजांची आणि शेरखानचा आवाज आपल्या नाना पाटेकरांचा. सोमवारी आमच्या बोरिवलीतल्या वर्गात अर्धी मुलं शेरखान असायची! ती मालिका जपानी आहे हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. पण तीही हिंदीतच.

पुढे युगो साको आणि मुंबईचे राम मोहन यांनी मिळून केलेलं अॅनिमे 'रामायण' जानेवारी २०२५मध्ये आपल्या चित्रपटगृहांत आलं. हिंदी, तमिळ, तेलुगू होती, मराठी नव्हती. डबिंगचे स्टुडिओ तर आपल्या अंधेरीतच आहेत, मराठी आवाजांचीही वानवा नाही. मग अडतं कुठे? मला वाटतं, आपण मागतच नाही. हिंदी समजतं ना, मग चालतं!

असो. पुढच्या हंगामात नातवाला मी हेच सांगणार आहे: आधी मराठीत आण, मग मत विचार.