इनामगाव : सारवलेल्या जमिनींचे उत्खनन

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. येथील ताम्रपाषाणयुगीन वसाहत साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातली. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या मंडळींनी १९६८ ते १९८३ दरम्यान ती उकरली.

घरे कुडाची असल्याने भिंती फारशा उरल्या नाहीत. उरल्या त्या जमिनी. माती व मुरूम चोपून वर सारवण केलेल्या. जुनी जमीन उखडली की तिच्यावरच नवी करायची, म्हणून एकाखाली एक थर सापडतात. (शेणाने घर सारवलेल्या आपल्या आज्यांना हे समजावून सांगावे लागले नसते.) काळी माती भेगाळते, घुशी बिळे पाडतात, मुळे शिरतात, त्यामुळे जमिनीचा पापुद्रा ओळखणे अवघड. अशा वेळी कुदळ ठेवून थापी आणि ब्रश घ्यावा लागतो. रंग बदलला, माती टणक लागली की थांबायचे. मग मेढींचे खळगे, चूल, धान्याच्या कणगीचा ओटा, बळद असे एकेक दिसू लागते.

खड्डा कोणत्या जमिनीतून खणला, हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे. ते चुकले तर पिढ्यांची सरमिसळ होते. कारण दफने घरातच होत. लहान मुलांना तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत पुरत. प्रौढांचे पाय घोट्याखाली तोडलेले आढळतात. पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराच्या अंगणात मात्र चार पायांच्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेला, पाय शाबूत असलेला सुमारे चाळिशीचा पुरुष मिळाला. शेजारीच धान्याचे कोठार होते. तो गावचा प्रमुख असावा, असे मानले जाते.