एक मासा, दोन नावं

कोलकात्यात गॅलिफ स्ट्रीटला रविवारी माशांचा बाजार भरतो. तिथून मी हौसेनं हनी गौरामीची ‘जोडी’ निवडून आणली. महिन्याभरात दोन्ही नर निघाले!

पण ही चूक जुनी आहे. गंगेच्या माशांवर १८२२ साली ग्रंथ लिहिणाऱ्या फ्रान्सिस हॅमिल्टननं याच माशाच्या नर-मादीला दोन वेगळ्या जाती समजून चुना आणि सोता अशी दोन नावं दिली. कारण विणीच्या वेळी नर मधासारखा केशरी होतो, गळा काळा पडतो. मादी फिकटच, अंगावर तपकिरी आडवी रेघ. मात्र बिचकलेला नरही तसाच फिकट दिसतो. बुटक्या सिक्लिडमधल्या रॅमची मादी पोटावरच्या गुलाबी छटेवरून ओळखतात, तीही वयात आल्यावरच.

म्हणून जोडी मागू नका. सहा पिल्लं आणा, रुळू द्या, मग बघा.